तेरा गाड्या आणि दोन भाऊ

कोणत्याही शोधाच्या बाबतीत ‘पहिला कोण?’ हा प्रश्न विचारावयास सोपा आणि उत्तर द्यावयास मोठा अवघड असतो. मोटारगाडीचेच उदाहरण घ्यावे. जर्मनीतील कार्ल बेन्झ याने २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि जगाने मोटारीचा जन्मदिवस म्हणून तोच दिवस मानला. पण ज्या अमेरिकेने पुढे मोटारगाडी घरोघर नेली, त्या अमेरिकेत हा धंदा कोणी सुरू केला असे विचारले, तर बहुतेकांच्या तोंडी हेन्री फोर्डचे नाव येते. वस्तुस्थिती तशी नाही. फोर्डची पहिली गाडी डेट्रॉइटच्या रस्त्यावर आली ती १८९६ च्या जूनमध्ये. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स प्रांतातील स्प्रिंगफील्ड या गावी एकाच नमुन्याच्या तेरा मोटारगाड्या तयार होऊन विक्रीस निघत होत्या. त्या गाड्यांवर ज्यांचे नाव होते ते दोन भाऊ म्हणजे चार्ल्स आणि फ्रँक ड्यूरिया. १८९५ मध्ये स्थापन झालेली त्यांची कंपनी १८९८ मध्ये संपली. तीन वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या कंपनीने अमेरिकेतील मोटारधंद्याचा पाया घातला. त्या पायावर इमारत मात्र दुसऱ्यांनीच उभारली. असे का व्हावे, याची कथा जितकी यंत्रांची आहे, तितकीच ती माणसांच्या स्वभावाची आहे.

ड्यूरिया बंधू मूळचे इलिनॉय प्रांतातले. चार्ल्सचा जन्म १८६१ चा आणि फ्रँकचा १८६९ चा; म्हणजे दोघांत आठ वर्षांचे अंतर. थोरला चार्ल्स कल्पक, बोलका, लेखणी चालविणारा आणि नवनवे आराखडे मांडणारा. धाकटा फ्रँक अबोल, हाताने काम करणारा आणि एखादा भाग नीट बसेपर्यंत तो पुन्हा पुन्हा घासून पाहणारा. दोघेही सायकलीच्या धंद्यातून पुढे आले. त्या काळी अमेरिकेत सायकलीचे विलक्षण वेड होते, आणि आरंभीच्या मोटारकर्त्यांपैकी पुष्कळांनी पहिले धडे सायकलीच्या कारखान्यातच गिरविले. हलकी पण मजबूत चौकट, तारांची चाके, साखळी आणि रबरी धावा हे सारे सायकलीनेच त्यांच्या हाती दिले होते. चार्ल्सने १८८६ मध्ये ओहायओ प्रांतातील एका जत्रेत पेट्रोलवर चालणारे स्थिर इंजिन पाहिले, आणि असे इंजिन गाडीवर बसविता येईल काय, हा विचार त्याच्या मनात घर करून राहिला.

स्प्रिंगफील्डची निवडही नीट समजून घेतली पाहिजे. या गावी १७९४ पासून सरकारी बंदुकांचा कारखाना होता. एका बंदुकीचा भाग दुसऱ्या बंदुकीस जसाच्या तसा बसला पाहिजे, हा दंडक ज्या थोड्या ठिकाणी रुजला, त्यांत स्प्रिंगफील्डची गणना होते. त्या परिसरात यंत्रे बनविणारी यंत्रे होती, आणि केसभर अंतर ओळखणारे कारागीर होते. शेजारच्या चिकोपी गावातील एम्स कंपनीत चार्ल्सच्या आराखड्याप्रमाणे सायकली बनत, आणि तेथेच फ्रँक हत्यारे घडविण्याचे काम करी. एकाच नमुन्याच्या तेरा गाड्या करण्याची कल्पना पुढे याच भूमीत फळाला आली, यात योगायोगाचा भाग थोडाच आहे.

१८९२ च्या वसंत ऋतूत चार्ल्सने अर्विन मार्कहॅम नावाच्या गृहस्थास आपली योजना समजावून सांगितली, आणि त्याने एक दशांश भागीच्या बदल्यात १,००० डॉलर देऊ केले. भावांनी बायकांच्या वापरातली एक जुनी फेटन ७० डॉलरला विकत घेतली, रसेल नावाच्या यंत्रशाळेच्या माडीवर जागा भाड्याने मिळविली आणि कामास आरंभ केला. या ठिकाणी एक बारीकशी गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. फ्रँक या कामावर आला तो भागीदार म्हणून नव्हे. त्याने एम्स कंपनीतली नोकरी सोडली आणि थोड्या अधिक रोजावर भावाच्या हाताखाली कारागीर म्हणून काम धरले. सप्टेंबरमध्ये चार्ल्स आपल्या सायकलीच्या धंद्यासाठी इलिनॉयमधील पिओरिया या गावी निघून गेला, आणि अर्धवट गाडी, न चालणारे इंजिन व मार्कहॅमचा उतावीळपणा यांच्या सहवासात बावीस वर्षांचा फ्रँक एकटा मागे राहिला. पुढच्या साऱ्या कलहाचे बीज याच महिन्यात पडले.

थोड्याच दिवसांत फ्रँकला विषमज्वर झाला. त्या दुखण्यातून उठून तो पुन्हा कामास लागला, तेव्हा मूळ आराखड्यातील इंजिन चालणे शक्य नाही अशी त्याची खात्री झाली होती. त्याने नवे एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, सुमारे ४ अश्वशक्तीचे इंजिन तयार केले आणि तापलेल्या नळीऐवजी विजेच्या ठिणगीने इंधन पेटविण्याची व्यवस्था केली. पेट्रोलची वाफ हवेत मिसळावयाची कशी, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. अत्तर उडविण्याच्या फवाऱ्यावरून त्याचे उत्तर सुचल्याचे सांगतात. इंजिनाची गती चाकांपर्यंत नेण्यासाठी घर्षणावर चालणारी योजना होती. एक फिरता भाग दुसऱ्यावर दाबून धरावयाचा आणि त्या दाबाने गाडी पुढे ढकलावयाची, असा तो प्रकार. कागदावर ती सुटसुटीत दिसे. प्रत्यक्षात मात्र ओझे पडले की ती घसरे.

२१ सप्टेंबर १८९३ रोजी ही गाडी स्प्रिंगफील्डच्या रस्त्यावर आली. भारतीय वाचकास त्या महिन्याची एक वेगळी ओळख आहे. त्याच दिवसांत शिकागो येथे सर्वधर्मपरिषद चालू होती, आणि ११ सप्टेंबर रोजी स्वामी विवेकानंदांनी तेथे आपले पहिले भाषण केले होते. शिकागोच्या भव्य प्रदर्शनाकडे सगळ्या जगाचे डोळे लागले असताना, दूर पूर्वेकडच्या या गावात एक तरुण कारागीर आपली गाडी घेऊन गावाबाहेर गेला होता. गंमत अशी की, घोड्यावाचून चालणारी ही गाडी चाचणीच्या जागी नेली गेली ती घोडा जोडूनच! तेथे ती चालली, थांबली, पुन्हा चालली आणि पुन्हा थांबली. स्थानिक वृत्तपत्राने या प्रकाराची नोंद घेतली. एवढ्या यशाने कोणी हुरळून गेला असता. फ्रँकला मात्र गाडीतले दोषच अधिक दिसले. पुढील काही महिन्यांत त्याने घर्षणाची योजना टाकून दिली आणि दंतचक्रे व क्लच बसविले.

मार्कहॅमने यापुढे पैसा घालण्यास नकार दिला; परंतु स्प्रिंगफील्डमध्येच दुसरा भांडवलदार मिळाला आणि दोन सिलिंडरची, पुष्कळ सुधारलेली दुसरी गाडी तयार झाली. ११ जून १८९५ रोजी अमेरिकन सरकारने या गाडीचे पेटंट दिले. ते एकट्या चार्ल्सच्या नावे होते.

याच सुमारास शिकागोच्या ‘टाइम्स-हेराल्ड’ या वृत्तपत्राचा मालक कोलसाट याने मोटारगाड्यांची शर्यत जाहीर केली. फ्रान्समध्ये १८९४ साली पॅरिस ते रूआँ आणि १८९५ साली पॅरिस-बोर्दो-पॅरिस अशा शर्यती होऊन गेल्या होत्या, त्यांचे हे अनुकरण होते. या नव्या वाहनाला म्हणावयाचे काय, हेसुद्धा तेव्हा ठरलेले नव्हते. वृत्तपत्राने नाव सुचविणारासाठी ५०० डॉलरचे बक्षीस लावले आणि ‘मोटोसायकल’ या शब्दाला ते दिले! शर्यतीसाठी ८० च्या वर अर्ज आले. परंतु ठरल्या दिवशी गाड्याच तयार होईनात. जुलैची शर्यत नोव्हेंबरच्या आरंभी ढकलली गेली. तेव्हाही ड्यूरियांची आणि म्यूलर यांची बेन्झ अशा दोनच गाड्या सज्ज होत्या. त्या दोघींची एक छोटी स्पर्धा झाली. तीत एका शेतकऱ्याच्या बैठ्या गाडीला वाट देताना ड्यूरियांची गाडी खड्ड्यात गेली, आणि मुख्य शर्यत २८ नोव्हेंबर या आभारदिनावर गेली.

त्या दिवशी शिकागोवर बर्फ पडले होते. जॅक्सन पार्कपासून एव्हॅन्स्टनपर्यंत जाऊन परत यावयाचे, असा सुमारे ५४ मैलांचा मार्ग होता. प्रत्यक्षात सहाच गाड्या उभ्या राहिल्या: तीन बेन्झ जातीच्या, दोन विजेवर चालणाऱ्या आणि एक ड्यूरिया. विजेच्या गाड्यांच्या विद्युत्‌घटांना बर्फातला रस्ता झेपला नाही, आणि त्या लवकरच मागे पडल्या. ड्यूरिया गाडी हाकीत होता फ्रँक. शेजारी नियमाप्रमाणे पंच बसला होता. वाटेत सुकाणूचा दांडा मोडला. लोहाराचे दुकान शोधून तो सांधावा लागला, आणि तेवढ्यात एक बेन्झ पुढे निघून गेली. पुढे ठिणगी पाडणाऱ्या भागाने दगा दिला; सुटीच्या दिवशी पत्र्याचे काम करणाऱ्याचे दुकान गाठून तोही दुरुस्त केला. या दुरुस्त्या त्याने स्वतःच्या हाताने केल्या, कारण गाडीचा एकूण एक भाग त्या हातांना माहीत होता. संध्याकाळी ७ वाजून १८ मिनिटांनी, निघाल्यापासून १० तास २३ मिनिटांनी, ड्यूरिया गाडी पहिली परत आली. तिच्या पाठोपाठ पोहोचली ती एकच गाडी, म्यूलर यांची बेन्झ. आणि तीसुद्धा दीड तासाने. तिचा चालक थंडीने व थकव्याने बेशुद्ध पडला होता, म्हणून शेवटचे काही मैल ती हाकली होती पंच म्हणून बसलेल्या चार्ल्स किंग याने. हाच किंग पुढल्या मार्चमध्ये डेट्रॉइटच्या रस्त्यावर पहिली मोटार चालविणार होता आणि तेथल्या एका तरुण मित्राला साहाय्य करणार होता. त्या मित्राचे नाव हेन्री फोर्ड.

पहिले बक्षीस २,००० डॉलरचे होते. त्याहून मोठी होती ती कीर्ती. शर्यतीच्या आधीच, १८९५ च्या सप्टेंबरात ‘ड्यूरिया मोटर वॅगन कंपनी’ स्थापन झाली होती. आता तिचे नाव देशभर झाले. १८९६ साली या कंपनीने एकाच आराखड्यावरून तेरा गाड्या तयार केल्या. तेरा हा आकडा ऐकून आज कोणासही हसू येईल. पण त्याचे मोल संख्येत नव्हते. त्याआधी अमेरिकेत ज्यांनी मोटार केली, त्यांनी एकेकच केली होती, आणि दुसरी केली तर ती पहिलीहून वेगळी केली होती. ओहायओमधील जॉन लॅम्बर्ट याने १८९१ मध्येच तीनचाकी मोटार तयार करून ती विकण्याचा प्रयत्न केला होता. परंतु त्याला एकही मागणी आली नाही. ड्यूरियांनी जे केले ते असे की, एक नमुना कायम केला, त्याबरहुकूम भाग घडविले आणि अनोळखी गिऱ्हाइकाला विकले. प्रयोगशाळेतून वस्तू बाजारात आली ती या तेरा गाड्यांच्या रूपाने.

ते १८९६ साल ड्यूरियांच्या भाग्याचे होते. मे महिन्यात न्यूयॉर्कहून निघालेली दुसरी एक शर्यत त्यांच्या गाडीने जिंकली. बार्नम आणि बेली यांच्या जगप्रसिद्ध सर्कशीने एक ड्यूरिया गाडी आपल्या मिरवणुकीत ठेवली, आणि हत्ती-उंटांच्या जोडीने लोक मोटारही डोळे विस्फारून पाहू लागले. भाग्याची दुसरी बाजूही याच वर्षी दिसली. ३० मे रोजी न्यूयॉर्कमध्ये एका ड्यूरिया गाडीने सायकलवरून जाणाऱ्या एका महिलेस धडक दिली; तिचा पाय मोडला आणि चालकास रात्र कोठडीत काढावी लागली. अमेरिकेतील मोटार-अपघातांच्या इतिहासात ही घटना अगदी आरंभीची म्हणून नोंदली गेली. सप्टेंबरमध्ये ऱ्होड आयलंड प्रांतात धावपट्टीवर झालेल्या शर्यतीत पाच ड्यूरिया गाड्या उतरल्या. तेथे मात्र गुळगुळीत मैदानावर विजेच्या गाड्यांनी त्यांना मागे टाकले. नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये मोटारींवरील जाचक वेगमर्यादा सैल झाली, तिच्या आनंदाप्रीत्यर्थ लंडन ते ब्रायटन अशी यात्रा निघाली. तीत दोन ड्यूरिया गाड्या समुद्र ओलांडून सामील झाल्या होत्या, आणि फ्रँक स्वतः तेथे हजर होता.

मग ही कंपनी बुडाली का? एकच एक कारण सांगणे कठीण आहे. भांडवल बेताचे होते. गाड्या एका नमुन्याच्या असल्या तरी त्या घडत होत्या हातानेच, आणि म्हणून महाग पडत. गिऱ्हाईक धनिक आणि हौशी, पण संख्येने थोडे. रस्ते वाईट. गाडी बिघडली तर ती दुरुस्त करणारा माणूस गावोगाव मिळत नसे. पण या अडचणी सर्वांनाच होत्या, आणि पुढे काहींनी त्यांवर मात केली. रॅन्सम ओल्ड्स याने १९०१ साली एका हलक्या, स्वस्त नमुन्याच्या ४२५ गाड्या विकल्या. ड्यूरियांच्या कल्पनेचाच तो विस्तार होता. ड्यूरियांच्या कारखान्यात कमतरता होती ती एकविचाराची. थोरला भाऊ पिओरियात, धाकटा स्प्रिंगफील्डमध्ये. पेटंट एकाचे, परिश्रम दुसऱ्याचे. पुढली गाडी कशी असावी याविषयीही दोघांची मने दोन दिशांना ओढत होती. चार्ल्सला तीन चाकांच्या हलक्या गाडीचे आणि एकाच दांड्याने सर्व काही चालविण्याचे वेड होते. फ्रँकचा ओढा भक्कम चारचाकी गाडीकडे होता. मराठीत ज्याला भाऊबंदकी म्हणतात, ती केवळ शेताच्या बांधावरूनच होते असे नाही. १८९८ मध्ये कंपनी संपुष्टात आली आणि भावांच्या वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या.

त्यानंतरची हकीकत दोघांच्या स्वभावांची जणू परीक्षाच आहे. फ्रँक चिकोपी फॉल्स येथील स्टीव्हन्स या बंदुका बनविणाऱ्या कंपनीशी जोडला गेला. तेथून निघालेल्या ‘स्टीव्हन्स-ड्यूरिया’ गाड्या अमेरिकेतील उत्तम आणि महागड्या गाड्यांत मोडू लागल्या. १९१५ मध्ये तो सुखवस्तू होऊन धंद्यातून निवृत्त झाला. चार्ल्सने पेनसिल्व्हेनिया प्रांतातील रेडिंग येथे नवा कारखाना काढला, तीन सिलिंडरची, तीन चाकांची गाडी अट्टाहासाने केली, आणि जग चार चाकांकडे वळत असतानाही तिची कड घेतली. तिच्यात कल्पकता होती, गिऱ्हाईक नव्हते. एकामागून एक उद्योग त्याने आरंभिले, पण लक्ष्मी त्याला प्रसन्न झाली नाही.

तेव्हा चार्ल्सजवळ उरली ती एकच संपत्ती: अमेरिकेतील पहिल्या मोटारीचा कर्ता हा लौकिक. त्याने तो जपला, लिहून आणि बोलून वाढविला, आणि पहिली गाडी १८९२ मधली, आपल्या आराखड्याची, असे सांगत राहिला. भाऊ हा आपण पगारावर ठेवलेला कारागीर होता, ही त्याची भूमिका होती; आणि १८९२ च्या वसंतापुरती ती खोटीही नव्हती. फ्रँक पुष्कळ वर्षे गप्प राहिला. पुढे उतारवयात त्यानेही आपली बाजू मांडली: आराखडा भावाचा असेल, पण त्या आराखड्यातले इंजिन चालले नाही, जे चालले ते आपण केले, आणि ते चालले तेव्हा भाऊ शेकडो मैल दूर होता. १८९३ ची वृत्तपत्रे आणि त्या वेळी फ्रँकने पिओरियाला धाडलेली पत्रे यांनी कालक्रमाचा निर्णय फ्रँकच्या बाजूने केला. पण मानाचा निर्णय कालक्रमाने होत नसतो. चार्ल्स १९३८ मध्ये निवर्तला. फ्रँक १९६७ पर्यंत, वयाच्या सत्त्याण्णव वर्षांपर्यंत, जगला. ज्या कंपनीचे आयुष्य तीन वर्षांचे, तिच्या श्रेयाचा वाद पन्नास वर्षांहून अधिक टिकला.

त्या वादात कोण खरा होता? चार्ल्सवाचून हे काम सुरूच झाले नसते. कल्पना त्याची, मार्कहॅमला पटविणारी वाणी त्याची, अत्यंत कुशल अशा भावाला नोकरी सोडावयास लावणारा विश्वास त्याचा. फ्रँकवाचून ते काम पुरे झाले नसते. आजारातून उठून न चालणारे इंजिन बाजूला सारण्याचे धैर्य त्याचे, आणि बर्फात मोडलेला दांडा सांधून पुन्हा गाडीवर बसणारी जिद्दही त्याचीच. दोघांना एकमेकांची जितकी गरज होती, तितकी ती कबूल करावयास दोघेही तयार नव्हते. कंपनी टिकली असती, तर श्रेय वाटून घेण्याची पाळीच आली नसती. प्रत्येक नव्या गाडीबरोबर ते वाढत गेले असते.

१८९३ ची ती पहिली गाडी १९२० मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात दाखल झाली. १८९६ च्या तेरा गाड्यांपैकी एकच शिल्लक राहिली, आणि तिला आसरा मिळाला तो मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे, हेन्री फोर्डने स्थापन केलेल्या संग्रहालयात. ज्या फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात एकाच नमुन्याच्या दीड कोटी गाड्या जगाला दिल्या, त्याच्याच छपराखाली एकाच नमुन्याच्या तेरा गाड्यांतली ही शेवटची गाडी उभी आहे. पाहणारे तिच्यापाशी क्षणभर थांबतात, पाटीवरचे नाव वाचतात आणि पुढे जातात. त्या नावात दोघेही भाऊ आहेत. निदान तेथे तरी ते वेगळे करता आलेले नाहीत.